मूलेची भूमिका कोणाला हवी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लिखित मजकूर)



पाठशाळांच्या वार्षिक समारंभात चंदनबालेची नाटिका वारंवार सादर होते आणि पात्रवाटपाच्या वेळी प्रत्येक वेळी तीच अडचण उभी राहते. चंदना होण्यास दहा मुली तयार असतात. धनावह श्रेष्ठीची पगडी बांधण्यासाठी मुलांत चढाओढ लागते. मूला सेठाणी होण्यास मात्र कोणी पुढे येत नाही. शेवटी ज्या मुलीचा आवाज मोठा, किंवा जी तालमीला उशिरा आली, तिच्या गळ्यात ती भूमिका पडते. आणि तिची आई शिक्षिकेकडे लटकी तक्रार करते की, दुष्टपणा नेमका आमच्याच वाट्याला का?

कथा सर्वांना ज्ञात आहे. चंपानगरीची राजकन्या युद्धात सर्वस्व गमावते आणि कौशांबीच्या बाजारात विकली जाते. धनावह श्रेष्ठी तिला कन्या मानून घरी आणतो. एके दिवशी ती पित्यासमान श्रेष्ठीचे पाय धूत असता तिचे सुटलेले केस ओलसर भूमीवर पडू नयेत म्हणून तो ते सावरतो आणि नेमके तेवढेच दृश्य मूलेच्या दृष्टीस पडते. पुढे मुंडण, बेड्या, कोंडवास, सुपातले उडदाचे बाकळे, उंबरठ्याच्या आत एक पाय आणि बाहेर एक पाय. आणि पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासानंतर भगवान महावीरांचे पारणे. दिगंबर परंपरेत नावे आणि तपशील काही निराळे आहेत. पण घरातल्या गृहिणीचा संशय हा गाभा दोन्हीकडे आहे.

या कथेकडे तपाचा आणि दानाचा महिमा सांगणारी धर्मकथा म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. तथापि क्षणभर ती एका घराची कथा मानून पाहिली, तर प्रश्न असा पडतो की मूलेने पाहिले काय? तिने एका वयस्क गृहस्थाला एका मुलीचे केस उचलून धरताना पाहिले. इतकेच. त्या दृश्याचा अर्थ मात्र तिच्या मनात कितीतरी आधी तयार होऊन बसलेला होता. बाजारातून आणलेली देखणी दासी घरात आली की घर मोडते, हा तो अर्थ. दृश्य नंतर आले, निकाल आधीच लागला होता. पूर्वग्रह या शब्दाचा इतका नेमका दृष्टांत अन्यत्र क्वचितच सापडेल.

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. गिऱ्हाईक पायरी चढते न चढते तोच गादीवरची नजर त्याच्या पायांकडे जाते. वहाण झिजलेली दिसली की नोकराला खूण होते आणि खालच्या फळीवरचे स्वस्त तागे पुढे येतात. बूट चकचकीत असले की वरची फळी उघडते आणि पाठोपाठ चहाही येतो. मग मळक्या धोतरातला तो शेतकरी दोन्हीकडच्या पाहुण्यांचा लग्नाचा बस्ता रोख मोजून बांधून नेतो, आणि इस्त्रीच्या कपड्यांतले गिऱ्हाईक वीस घड्या मोडून ‘पाहून येतो’ म्हणत पायरी उतरते. हा अनुभव प्रत्येक बाजारपेठेत पिढ्यान्पिढ्या येत आहे. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी नजर पुन्हा पायांकडेच जाते. साचा अनुभवाने सहजी मोडत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य.

गंमत अशी की, हाच दुकानदार रंगमंचावर गेला की स्वतःच साचा होऊन जातो. वगनाट्यांत आणि ग्रामीण चित्रपटांत शेटजी म्हटला की ठरलेला वेश: डोक्यावर पगडी अथवा काळी टोपी, मांडीवर चोपडी, तोंडी मोडकी मराठी आणि नजर दुसऱ्याच्या जमिनीवर. तो आला की प्रेक्षक हसण्याच्या तयारीत बसतात. शाळेच्या पटांगणावर ‘चिकट मारवाडी’ हे शब्द ज्या मुलांनी ऐकले त्यांना ते साठीतही आठवतात. कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्यान्पिढ्या नांगर धरणारी, उसाला पाणी देणारी हजारो जैन कुटुंबे आहेत. त्यांची घरातली भाषाही मराठी, सीमाभागात कानडी. परंतु ‘जैन म्हणजे व्यापारी आणि व्यापारी म्हणजे सावकार’ या समीकरणात त्या शेतकऱ्याला जागाच नाही. साच्यात घातले जाणे म्हणजे काय हे या सभागृहातील बहुतेकांना ठाऊक आहे. दुसऱ्याला साच्यात घालणे म्हणजे काय, हे तितकेसे ठाऊक नसते.

चंदनबालेच्या नाटिकेची एक मर्यादा येथेच लक्षात येते. प्रेक्षक पहिल्या प्रवेशापासून चंदनेच्या बाजूला असतो. मूला चुकत आहे हे त्याला माहीत असते, त्यामुळे तो निर्धास्त असतो. पूर्वग्रह हा दुष्टांचा दुर्गुण आहे आणि दुष्ट तर समोर रंगमंचावर उभा आहे, अशा समजुतीत तो डोळे पुसून घरी जातो. चांगली माणसे, सुशिक्षित माणसे, सद्भावनेने भरलेली माणसे पूर्वग्रहात कशी सापडतात हे पाहायचे असेल तर दुसऱ्या नाटकाकडे जावे लागते.

मराठी रंगभूमीने घर आणि त्यातले विवाह या विषयाला आरंभापासून हात घातला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट त्या काळच्या प्रेक्षकाने प्रत्यक्षात पाहिलेला होता. (जाता जाता एक खुलासा. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा जो ‘शारदा कायदा’ झाला, त्याचे नाव या नाटकावरून पडले असे महाराष्ट्रात अनेकांना वाटते. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. नाटकाची पुण्याई इतकी मोठी की, कायद्याचे श्रेयही लोकांनी त्यालाच देऊन टाकले.) परंतु तेथेही दोष कोणाचा याविषयी शंका नव्हती. ती शंका उत्पन्न करणारे, किंबहुना प्रेक्षकाला खुर्चीत अस्वस्थ करून सोडणारे नाटक म्हणजे विजय तेंडुलकर यांचे ‘कन्यादान’. ते १९८३ साली रंगभूमीवर आले.

त्या वेळचा महाराष्ट्र आठवला पाहिजे. १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली होती. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले आणि त्यापाठोपाठ एकामागून एक आत्मकथने मराठी वाचकांच्या हाती आली. त्याच १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. एकीकडे पुस्तकांचे सत्कार आणि दुसरीकडे जळालेल्या झोपड्या, अशा काळात हे नाटक लिहिले गेले.

नाटकातले घर नाथ देवळालीकरांचे. जन्माने ब्राह्मण, निष्ठेने समाजवादी, आयुष्य चळवळीत आणि विधिमंडळात गेलेले. पत्नी सेवा याही समाजकार्यात. मुलाचे नाव जयप्रकाश. ते कोणावरून ठेवले हे सांगावयास नको. मुलगी ज्योती. या घरात निर्णय चर्चेने होतात, मुलांना मताचा अधिकार आहे, आणि नाथांना त्याचा सार्थ अभिमान आहे. एके दिवशी ज्योती सांगते की, ती अरुण आठवले या दलित तरुणाशी विवाह करू इच्छिते. तो कविता लिहितो, आत्मचरित्र लिहीत आहे, शिकत आहे, लहानशी नोकरी करतो. ओळख थोड्याच दिवसांची.

नाथांना आनंद होतो. आयुष्यभर जे व्याख्यानांतून सांगितले ते आता आपल्याच घरात घडणार, या विचाराने ते भारावून जातात. सेवा आणि जयप्रकाश मात्र शंका काढतात. येथवर प्रेक्षकाला वाटते की नाटकाचा मार्ग ठरला: उदार पिता, संकुचित माता, आणि अखेरीस उदारतेचा विजय. तसे घडत नाही.

अरुण घरी येतो तो प्रवेश सर्वाधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. बैठकीची खोली नीटनेटकी, यजमानीणबाई सभ्य, चहा-फराळाची तयारी. त्या नीटनेटकेपणातच अरुणचा जीव गुदमरतो. आपण कोठून आलो हे तो सांगतो, पण सांगताना समोरच्याला बोचेल असे सांगतो. सेवा संसार कसा चालवणार असे विचारतात, तेव्हा तो दारू गाळण्याच्या धंद्याच्या गोष्टी करू लागतो. तो खरे बोलत आहे की चिडवत आहे, हे सेवांना कळत नाही. त्याला स्वतःलाही ते नक्की ठाऊक असेल असे वाटत नाही. एका क्षणी तो ज्योतीचा हात पिरगळतो. घर हादरते. थोड्या वेळाने नाथ बाहेरून येतात आणि त्याचे आनंदाने स्वागत करतात.

सूक्ष्मपणे पाहिले तर त्या खोलीत चार माणसे एकमेकांशी बोलतच नाहीत. प्रत्येकजण समोरच्या साच्याशी बोलत आहे. सेवांना समोर ‘आपल्या संस्कारांबाहेरचा मुलगा’ दिसतो. अरुणला समोर एक स्त्री दिसत नाही, तर ज्यांनी हजारो वर्षे दूर ठेवले त्या सर्वांची प्रतिनिधी दिसते, आणि म्हणून तिने चहा दिला तरी त्याला त्यात उपकार दिसतो. जयप्रकाशला पुढे एक सिद्धान्त सुचतो: इतिहासात ज्यांनी छळ सोसला तेच संधी मिळताच छळ करू लागतात. सिद्धान्त म्हणून त्यात काही तथ्य असेलही; पण त्यात अरुण हे एक नाव असलेला माणूस उरत नाही.

आणि नाथ? त्यांचा साचा सर्वांत सुंदर आहे, म्हणूनच सर्वांत घातक. त्यांना अरुणमध्ये शोषित समाजाचे उगवते भविष्य दिसते. मनुष्य मूलतः चांगलाच असतो आणि चांगुलपणाने तो जागा होतो, ही त्यांची श्रद्धा. या श्रद्धेपोटी ते एक साधी गोष्ट करावयाची विसरतात. जावई स्वजातीतला असता तर कोणत्याही पित्याने चार प्रश्न विचारले असते. मिळकत काय, संगत कोणाची, व्यसन आहे का, राग किती येतो? जेथे मुलगी द्यायची तेथे ही चौकशी करण्यात कोणी अपमान मानत नाही. नाथ ती चौकशी करत नाहीत, कारण दलित तरुणाविषयी असे प्रश्न विचारणे त्यांना जातीयपणाचे वाटते. वस्तुतः इतर कोणत्याही मुलासारखे त्याला पारखणे हीच समानता ठरली असती. जुन्या पेढीचा नियम असतो की, पत पाहूनच उधारी द्यावी; नाव मोठे म्हणून नव्हे आणि दया आली म्हणूनही नव्हे. दयेने दिलेली उधारी घेणाऱ्यालाही खाली पाहायला लावते. नाथांनी अरुणला जावई म्हणून तोललेच नाही, गौरविले. तिरस्काराने माणूस झाकला जातो हे सर्वजण मान्य करतात. आदरानेही तो तितकाच झाकला जातो, हे ‘कन्यादान’ने दाखवले.

ज्योती मध्येच डळमळते. तेव्हा तिला मागे फिरू न देणारे नाथच. शब्द दिलेला मोडणे म्हणजे पळ काढणे, असे ते तिला पटवतात. सेवा सावध करत असतात, पण त्यांच्या सावधपणाला साच्याचा वास येतो, म्हणून त्यातले खरे तेवढेही कोणी ऐकत नाही. पूर्वग्रहाची ही एक मोठी हानी आहे, जी सहसा मोजली जात नाही. पूर्वग्रही माणसाचा खरा इशाराही खोट्यात जमा होतो.

विवाहानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. अरुण दारू पितो, ज्योतीला मारतो. ती एकदा माहेरी परतते. तो येतो, पश्चात्ताप करतो, आणि ती त्याच्याबरोबर जाते. ती गर्भवती असताना पोटावर लाथा बसल्याचे सेवा नाथांना सांगतात. त्याच सुमारास अरुणचे आत्मचरित्र प्रसिद्ध होऊन गाजते आणि त्यावरच्या चर्चासभेत नाथांनी अध्यक्ष व्हावे असे निमंत्रण घेऊन तो मित्रांसह घरी येतो. नाथांना मनातून ते नको असते. पण आपण नाही म्हटले तर त्याचे परिणाम मुलीला भोगावे लागतील, या भीतीने ते जातात आणि भर सभेत त्या पुस्तकाची स्तुती करतात.

सभेनंतर ज्योती माहेरी येते. मारहाणीची तक्रार करण्यासाठी नव्हे. ते भाषण खोटे होते, एवढे सांगण्यासाठी. वडिलांनी भीतीपोटी खोटी स्तुती केली हे तिने समोर बसून ऐकलेले असते. माणूस वेगळा आणि त्याच्यातला वाईटपणा वेगळा, वाईट तेवढे झडेल आणि चांगले उरेल, या वडिलांच्या शिकवणुकीचा हिशेब ती त्यांच्यासमोर मांडते. तिच्या अनुभवात ती दोन निराळी नाहीत. अरुण जसा आहे तसा सगळा एकच आहे, आणि तिला त्या सगळ्यासह राहायचे आहे. यापुढे तिच्या घरी येऊ नये असे वडिलांना बजावून ती निघून जाते. देवळालीकरांची कन्या ही ओळखही ती मागे ठेवते आणि नवऱ्याच्या जातीची ओळख आपली म्हणून सांगते. दान दिलेली कन्या खरोखरच दिली गेली. नाटकाच्या नावातली धार तेथे लागते.

हे नाटक गाजले तितकेच ते झोंबले. १९९३ सालचा सरस्वती सन्मान तेंडुलकरांना ‘कन्यादान’साठी मिळाला, तेव्हा याच नाटकासाठी कधीकाळी आपल्यावर चप्पलही फेकली गेली होती याची आठवण त्यांनी सन्मान स्वीकारताना करून दिली. आक्षेप असा होता की, नाटककाराने दलित तरुण दारुडा आणि बायकोला मारणारा दाखवून जुन्याच साच्यावर नवा रंग चढवला.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ब्राह्मण पात्रे मराठी रंगमंचावर हजारोंनी आली. त्यांत साधू होते, लबाड होते, विनोदी होते, क्रूर होते. त्यामुळे एखादा कांचनभट मुलगी विकायला निघाला तरी ‘ब्राह्मण असेच असतात’ असे प्रेक्षक म्हणत नाही. तो एक माणूस वाईट ठरतो. परंतु मध्यमवर्गीय नाटकाच्या दिवाणखान्यात दलित पात्र जवळजवळ आलेच नव्हते. जे एकटे येते त्याच्या डोक्यावर सर्वांचे ओझे येते. अरुण एकटा वाईट ठरत नाही, त्याच्याबरोबर सारी वस्ती वाईट ठरते. चोपडी उघडून बसलेल्या त्या एकट्या शेटजीमुळे सगळी बाजारपेठ चिकट ठरली, ती याच न्यायाने. म्हणून रागावलेल्यांचा राग समजून घेतला पाहिजे, त्यासाठी चप्पल फेकण्याचे समर्थन करण्याची गरज नाही.

पण नाटककारावर आरोप ठेवण्यापूर्वी प्रेक्षकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. अरुण बायकोला मारतो, हे पाहताना ‘त्या समाजात असेच चालते’ हे वाक्य कोणाच्या मनात उमटले? ते नाटकात लिहिलेले नाही. ज्या १९८३ साली हे नाटक आले, त्याच वर्षी भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ घालावे लागले. पती आणि सासरच्यांकडून होणारी क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. (२०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम ८५ आणि ८६ यांनी घेतली आहे.) ते कलम एका वस्तीसाठी केले गेले नाही. संगमरवरी फरशीच्या घरांतूनही स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या त्या काळी वर्तमानपत्रांत येत होत्या आणि त्या घरांत नित्यनेमाने देवपूजाही होत होती. मारणारा नवरा स्वजातीतला असला की त्याला ‘तापट स्वभाव’ म्हणतात, आणि परजातीतला असला की ‘त्यांची संस्कृती’. एकाच्या हाताला नाव लागते, दुसऱ्याच्या हाताला जात लागते.

या संदर्भात आणखी एका नाटकाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. प्रेमानंद गज्वी हे आंबेडकरी विचारांचे नाटककार. त्यांनी ‘किरवंत’ लिहिले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी ते रंगमंचावर आणले. अंत्यसंस्काराचे विधी करणारा ब्राह्मण म्हणजे किरवंत. मृत्यूच्या वेळी सर्वांना त्याची गरज पडते आणि एरवी स्वजातीचेच लोक त्याची सावली टाळतात, त्याच्या घराशी सोयरीक करत नाहीत. ज्या समाजाकडून आपल्या समाजाने अस्पृश्यता सोसली, त्याच समाजातल्या एका उपेक्षित घराचे दुःख दलित लेखकाने लिहिले. येथे घर हे एकच घर राहते. त्या घरातला कर्ता, त्याची पत्नी, मुलगा, भाऊ, प्रत्येकाची घुसमट निराळी. जातीच्या उतरंडीत वरच्या पायरीवरही आणखी पायऱ्या असतात, हे कळायला त्या लेखकाला साचा आड आला नाही. ‘कन्यादान’ आणि ‘किरवंत’ शेजारी ठेवून वाचावीत अशी जोडी आहे. तुलनाच करावयाची तर माणूस पाहण्याच्या बाबतीत ‘किरवंत’ काकणभर सरस वाटते. घाव घालण्याच्या बाबतीत ‘कन्यादान’.

आता किंचित आपल्या अंगणात. सम्यक्‌दर्शनाला बाधक अशा आठ मदांत कुलमद आणि जातिमद यांची गणना आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त केली आहे. ‘उत्तराध्ययन सूत्रा’चे बारावे अध्ययन हरिकेशी मुनींचे, चांडाळ कुळात जन्मलेले ते महामुनी यज्ञमंडपात भिक्षेला आले असता त्यांना हाकलून देणाऱ्यांची तेथे काय गत झाली, हे स्वाध्याय करणाऱ्यांना ज्ञात आहे. शास्त्र इतके स्पष्ट असताना व्यवहार कसा असतो, हे वधू-वर मेळाव्याच्या परिचय-पत्रकात पाहावे. जन्मतारीख, उंची आणि शिक्षण यांच्या आधी पंथ, गच्छ, पोटजात आणि मूळ गाव यांचे रकाने असतात. श्वेतांबर घरात दिगंबर सून आली, किंवा मारवाडी घरात कच्छी जावई आला, तर आजही काही घरांत आवाज खाली उतरतो. त्यांच्या स्वयंपाकाविषयी, बोलीविषयी, देण्याघेण्याविषयी एक वाक्य तयारच असते. आणि मुलगा किंवा मुलगी जैन नसेल तर? तेव्हा सेवा आणि नाथ हे दोन्ही एकाच घरात, कधीकधी एकाच माणसात, दिसू लागतात. एक तर दार लावून घ्यायचे, नाही तर जगाला औदार्य दाखवण्यासाठी डोळे मिटून हो म्हणायचे. समोर बसलेल्या मुलाला त्याचे नाव विचारून, त्याची भीती, त्याचा राग, त्याची उमेद जाणून घेण्यास दोघांनाही सवड नसते.

जैन घरांतूनच याला छेद देणारा एक विद्यार्थी निघाला होता, त्याची आठवण या वर्षी करणे उचित होईल. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर अंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ती अंघोळ केली नाही, आणि बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. ज्यांनी सांगितले ते दुर्जन नव्हते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे शुचिता पाळणारी, शिक्षणासाठी झटणारी माणसे होती. पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली, साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली, आणि १९२७ साली गांधीजी ते पाहावयास आले. महाराष्ट्राने या विद्यार्थ्याला कर्मवीर म्हटले. बोर्डिंगातला तो प्रसंग मात्र समारंभाच्या भाषणांत क्वचितच सांगितला जातो.

पुन्हा एकदा पाठशाळेच्या रंगमंचाकडे. सध्याच्या संहितेत मूलेला जेमतेम चार वाक्ये आहेत, आणि ती चारही ओरडून म्हणावयाची. ती कोणत्या घरातून आली, अपत्य नसल्याचे दुःख तिला होते काय, शेजारणी तिच्या कानाशी काय कुजबुजत होत्या, दार बंद करून किल्ली कमरेला लावल्यावर तिला झोप लागली काय, याविषयी लिहिणाऱ्याने काही सांगितलेले नाही. पाठशाळेच्या शिक्षिकांना नम्र विनंती आहे की, पुढील वेळी मूलेसाठी एक पूर्ण प्रवेश लिहावा. तो लिहिताना चंदनेचे तेज तिळमात्र कमी करण्याचे कारण नाही. मात्र ती भूमिका वर्गातल्या सर्वांत समंजस, सर्वांच्या आवडत्या मुलीला द्यावी, आणि तिच्या आईला पहिल्या रांगेत बसवावे.

जय जिनेंद्र.